भुताच्या नावावर दोन कोटी

"हॉरर काढूया. त्यात बुडत न्हाई."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत हे वाक्य अलीकडे फार ऐकू येतं. बोलणारा बहुधा फौंड्रीत बऱ्यापैकी स्थिरावलेला मालक असतो. पोरगा मशीन शॉप बघू लागलेला असतो, हातात थोडा मोकळा पैसा असतो आणि शहरातल्या कुणा होतकरू दिग्दर्शकानं त्याला नुकतंच गाठलेलं असतं. पुढचा हिशेब त्याच्या बोटांवर तयार असतो. 'मुंज्या'नं शंभर कोटी केले, 'स्त्री २'नं सहाशे. भयपटाला मोठा नट लागत नाही, परदेशातलं शूटिंग लागत नाही. एक पडका वाडा, चार पोरं, एक म्हातारी आणि अंधार एवढ्यावर भागतं. दोन कोटी घालायचे, शंभर नकोत, पण दहा तर येतील? आणि नाहीच आले तर "ओटीटी हाय की!"

मी याच वसाहतीत कारखान्यांचे हिशेब बघतो आणि भयपट लागला की पहिल्या आठवड्यात जाऊन बघतो. त्यामुळे दोन्ही अंगांनी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. आधीच सांगतो, भयपटाला भवितव्य नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. घरातून उठून थिएटरपर्यंत माणसाला खेचून आणायची ताकद आज ज्या थोड्या प्रकारांत उरली आहे, त्यांत मी भयपटाला पहिला नंबर देतो. पण आमची ही मालकमंडळी ज्या कारणांसाठी त्यात उतरायला निघाली आहेत, त्यातलं एकही कारण टिकत नाही.

आधी त्या शंभर कोटींचं बघू. बारा टनांच्या ऑर्डरमागे किलोला किती पैसे सुटतात हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, तोच माणूस सिनेमाचा आकडा मात्र वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उचलतो, याचं मला नवल वाटतं. २०० रुपयांचं तिकीट घ्या. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. तो काढला की साधारण १६९ रुपये ५० पैसे उरतात. बातमीत 'नेट' म्हणून येते ती ही रक्कम. ती निर्मात्याची नसते. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण विकोपाला गेलं, नवे सिनेमे महिना-दोन महिने अडले, आणि तडजोडीत वाटणी ठरली. वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे ३०. म्हणजे ऐन भरात असलेल्या आठवड्यातसुद्धा तुमच्याकडे तिकिटामागे ८४-८५ रुपये येणार. त्यातून वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर हातात ७२.

आता दोन कोटींच्या सिनेमावर पोस्टर, ट्रेलर, होर्डिंग, कलाकारांचे दौरे यांचे निदान ७५ लाख चढवा. पावणेतीन कोटींना ७२ नं भागलं की ३ लाख ८० हजारांच्या वर तिकिटं येतात. एका शोला सरासरी ५० माणसं धरा, मराठीला हे वाईट नाही. साडेसात हजारांहून जास्त शो लागतात. रोज अडीचशे शो मिळाले असं उदारपणे मानलं तरी पूर्ण महिना त्याच जोरात चालायला हवं. महिनाभर तेवढे शो कुणी देत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यापासून वाटा घसरत जातो तो वेगळाच. पैशाचं व्याज मी धरलेलंच नाही. एवढं करून तुम्ही कुठे पोचला? मुद्दल परत आलं, इथे.

हा हिशेब ऐकवला की समोरचा म्हणतो, "ते साध्या सिनेमाचं झालं. भुताचं वेगळं असतंय." वेगळं असतं म्हणजे काय, तर पडलेले भयपट आपल्याला आठवत नाहीत. १ मे २०२५ ला 'द भूतनी' आला. संजय दत्तसारखं नाव होतं, विनोद होता, भूत होतं, आणि सिनेमा आला तसा गेला. त्याच वर्षी जूनमध्ये काजोलचा 'माँ' आला. दिग्दर्शक विशाल फुरिया, म्हणजे मराठीत 'लपाछपी' करून गेलेला माणूस. पैसा मोठा, नटी मोठी, आणि उत्पन्न अपेक्षेच्या बरंच अलीकडे थांबलं. दिवाळीत 'थामा' आला. 'मुंज्या'चाच दिग्दर्शक, 'स्त्री'चंच विश्व, सणाची सुट्टी. सव्वाशे कोटींचा टप्पा त्यानं ओलांडला हे खरं, पण 'स्त्री २'नं जिथवर मजल मारली त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतही तो पोचला नाही. आणि ही सगळी हिंदीतली, हजारो पडदे हाताशी असलेली उदाहरणं आहेत. मराठीत दर वर्षी चार-दोन भयपट एखाद्या शुक्रवारी येऊन पुढच्या गुरुवारी उतरतात. त्यांची नावं घेऊन मी कुणाचं दुःख उकरत नाही.

'स्त्री' आणि 'मुंज्या' काढणाऱ्या 'मॅडॉक'नं जानेवारी २०२५ मध्ये आठ सिनेमांचं वेळापत्रक एकदम जाहीर केलं. 'थामा', 'शक्ती शालिनी', 'भेडिया २', 'चामुंडा', १३ ऑगस्ट २०२७ ला 'स्त्री ३', त्याच वर्षअखेरीस 'महा मुंज्या' आणि २०२८ मध्ये दोन 'महायुद्ध'. लोक हे वेळापत्रक दाखवून मला म्हणतात, बघा, एवढी मोठी कंपनी आठ-आठ सिनेमे लावून बसलीय, ती काय खुळी आहे? खुळी नाही. पण शिरोलीच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको, की एकाच पॅटर्नवर कास्टिंगं काढत राहिलं की पॅटर्न झिजतो, मापं जायला लागतात आणि रिजेक्शन वाढतं. 'शक्ती शालिनी' आधी २०२५ च्या शेवटच्या दिवशी येणार होता, तो वर्षभर पुढे ढकलला गेला. मोठी कंपनी पॅटर्न दुरुस्त करून घेईल, तिला तेवढा दम आहे. तिच्या झिजलेल्या पॅटर्नवरून दोन कोटींत नक्कल काढणाऱ्याला तो दम कुठून येणार?

दुसरं मत याहून ठाम असतं. नुसती भीती विकत नाही, विनोद मिसळावाच लागतो. मराठी माणसाला तर हसायलाच लागतं. या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात खरंच चांगली पानं आहेत, ती मी लपवणार नाही. 'झपाटलेला' १९९३ चा. महेश कोठारे, लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांच्या हातून घडलेला तात्या विंचू. तीस वर्षं उलटली तरी त्या बाहुल्याचं नाव घेतलं की लहान पोरगं अंग चोरतं. २००४ चा 'पछाडलेला' अजून टीव्हीवर लागला की घर थांबतं. परवा-परवाचं उदाहरण हवं तर शेजारच्या कर्नाटकात 'सु फ्रॉम सो' जुलै २०२५ मध्ये आला. किनाऱ्यालगतचं खेडं, अनोळखी नट, पाच-सहा कोटींचा खर्च, आणि जगभरात शंभर कोटींच्या वर धंदा.

पण 'झपाटलेला' नीट आठवा. विनोद लक्ष्याभोवती आहे, हवालदाराभोवती आहे. बाहुला मात्र एकदाही विनोदी होत नाही. तो चिडतो, मारतो आणि त्याला खरोखर लक्ष्याचं शरीर हवं असतं. दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू विदूषकासारखा केला असता तर सिनेमा त्या वर्षीच विसरला गेला असता. आता नक्कल करणारे काय करतात? भूतच विनोदी करतात. भूत पाय घसरून पडतं, भूत मोबाइल मागतं. मग घाबरायचं कशाला, आणि घाबरायचं नसेल तर अडीचशे रुपये कशाला?

आणि विनोदाशिवायचं काय चाललं ते बघा. ५ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, 'द कॉन्ज्युरिंग'चा शेवटचा भाग भारतात लागला. समोर 'बागी ४' होता. इंग्रजी भुतानं पहिल्याच दिवशी १५ कोटींच्या पुढे मजल मारून टायगर श्रॉफला मागे टाकलं. मार्च २०२४ मधला 'शैतान' दीडशे कोटींच्या घरात गेला, आणि त्यात हसायला काही नाही. पोटच्या पोरीला परक्या माणसाच्या इशाऱ्यावर नाचताना बघणाऱ्या आई-बापाची ती गोष्ट आहे. 'शैतान'चं मूळ 'वश' हा गुजराती सिनेमा आहे, २०२३ चा. गुजराती चित्रपटसृष्टी काही मराठीपेक्षा मोठी नाही. त्या सिनेमाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच्या अभिनेत्रीलाही मिळाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरा भाग आला. मल्याळममध्ये राहुल सदाशिवन यानं २०२४ मध्ये 'भ्रमयुगम' चक्क कृष्णधवल काढला, मामुट्टीला घेऊन, आणि तो चालला.

मराठीत यायचं तर ऋषिकेश गुप्ते यांचा 'जारण'. ६ जून २०२५ ला तो आला त्याच दिवशी 'हाऊसफुल ५' लागला होता, दोन वेगवेगळे शेवट आणि पोस्टरवर मावणार नाहीत इतके नट घेऊन. 'जारण'मध्ये अमृता सुभाष, अनिता दाते, करणीची गोष्ट आणि एका बाईचं ढासळत जाणारं मन. तरीही तो आठवड्यामागून आठवडे थिएटरात टिकला. विनोद लागतोच, असं म्हणणाऱ्यानं 'जारण' का टिकला ते आधी सांगावं.

माझं उत्तर असं. भयपटात विनोद लागतो, पण तो पडद्यावर घालावा लागत नाही, खुर्च्यांत आपोआप होतो. फौंड्रीतली पोरं सिनेमाला एकेकटी जात नाहीत, पाच-सहाजणांचा घोळका जातो. दिवसभर लालभडक रस ओतणारा, हातभर अंतरावरून ठिणग्या झेलणारा गडी दार करकरल्यावर शेजाऱ्याचा दंड पकडतो. शेजारी त्याला हसतो, मागच्या रांगेतून कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळा हॉल खिदळतो आणि पुढच्या झटक्याला तोच हॉल गप्प होतो. ज्या हसण्यासाठी निर्माता विनोदी नटाला लाखांनी पैसे मोजतो, ते प्रेक्षक फुकट करून देतात. अट एकच, हॉलमध्ये माणसं हवीत. वीस माणसांच्या हॉलमध्ये उत्तम भयपटही मरतो. कौटुंबिक नाटक रिकाम्या हॉलमध्ये बघता येतं, चरित्रपट बघता येतो, भयपट नाही. बाकीच्या सिनेमांना गर्दी म्हणजे उत्पन्न. भयपटाला गर्दी म्हणजे सिनेमाचाच अर्धा भाग.

यातच ओटीटीच्या आधाराचं उत्तर आलं. "नाहीच चाललं तर ओटीटी" म्हणणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक नसतात. एक म्हणजे ते दिवस गेले. साथीच्या काळात 'बळी'सारखा मराठी भयपट थेट प्राइमवर आला आणि 'लपाछपी'चा हिंदी अवतार 'छोरी'ही तिथेच. आता हे घेणारे लोक थिएटरातला आकडा विचारूनच भाव ठरवतात. थिएटरात न चाललेल्या, अनोळखी नटांच्या मराठी सिनेमाला त्या बाजारात काय भाव मिळतो, हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, ती म्हणजे 'तुंबाड'. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा जेमतेम १५ कोटींच्या आसपास थांबला. पुढे कित्येक वर्षं तो घरोघरी मोबाइलवर उपलब्ध होता. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरात लावला तर ३० कोटींच्या पुढे गेला. घरात फुकटात दिसणाऱ्या सिनेमासाठी लोकांनी तिकीट काढलं, तेही पहिल्या वेळेपेक्षा दुपटीनं. लोक काय विकत घेत होते? गोष्ट तर बहुतेकांना पाठ होती. ते अंधार विकत घेत होते, आणि अंधारात सोबत.

आता एका वेगळ्या विरोधकाकडे वळतो. त्याला पैशाशी देणंघेणं नाही. तो म्हणतो, भयपट अंधश्रद्धा पसरवतात, चालू नयेत तेच बरं. कोल्हापुरात हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. गोविंदराव पानसऱ्यांवर फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी दीड वर्ष पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. लिंबू-मिरची मशीनला बांधणारे आमच्या वसाहतीतही आहेत, सीएनसीला सुद्धा बांधतात. तेव्हा मांत्रिकाच्या हातून भूत उतरवून सगळं गोड करणाऱ्या सिनेमाचं समर्थन मी करणार नाही. असे सिनेमे पुष्कळ आहेत, आणि ते बुडाले तर मला वाईट वाटत नाही.

पण 'लपाछपी' घ्या. जुलै २०१७ चा मराठी सिनेमा. पूजा सावंत आणि उषा नाईक. उसाच्या फडातलं एकाकी घर, पोटुशी बाई आणि फडात खेळणारी पोरं. भूत कशाचं आहे? गर्भातच मारलेल्या मुलींचं, त्यांच्या आयांचं. उसाचा फड आम्हाला परका नाही, शिरोलीच्या कुंपणापलीकडे तोच आहे. आणि तो गुन्हाही परका नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली निघाल्या. ऊस, दूध, साखर, फौंड्री, सगळ्यांत पुढे असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले, म्हणजे यंत्रावर लक्ष ठेवणारं यंत्र. एका जिल्ह्याला आपल्याच दवाखान्यांवर पाळत ठेवावी लागली. याच्यापेक्षा भयंकर गोष्ट कुठला पटकथाकार लिहिणार आहे? 'लपाछपी' बघून बाहेर पडताना माणूस मांत्रिकाकडे जात नाही, घरातल्या म्हातारीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. 'तुंबाड'मधलं भूत हावेचं आहे, आणि 'जारण' तर करणी आणि मनाचा आजार यांच्या मधल्या फटीतच उभा आहे. चांगला भयपट शेवटी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी उलट अशा सिनेमांचे खेळ लावावेत, असं मी म्हणेन.

कुणी म्हणेल, म्हणजे मातीतलं भूत हवं, परकं नको. तसंही नाही. नारायण धारपांच्या ज्या 'आजी' कथेचा धागा 'तुंबाड'मध्ये आहे, ती मुळात स्टीफन किंगच्या कथेवरून घेतलेली. तात्या विंचूचा पूर्वज अमेरिकन बाहुला आहे, 'चाइल्ड्स प्ले'मधला. बी कुठलंही असो, ते इथल्या वाड्यात, इथल्या पावसात रुजायला हवं. धारप आणि मतकरी यांनी मराठी वाचकाला पन्नास वर्षं घाबरवलं. ती कपाटं उघडायची सोडून आपले निर्माते कोरियन सिनेमाचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरतात. तिकडे हिंदीतल्या भयलाटेत पुढे कोण आहे? 'मुंज्या' आणि 'थामा' करणारा आदित्य सरपोतदार, ज्यानं २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' केला होता. 'तुंबाड'चा राही बर्वे. 'लपाछपी' मराठीत करून मग 'छोरी' हिंदीत नेणारा फुरिया. मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी मेलेला, पिंपळावर बसलेला पोरगा, कोकणातल्या आज्यांच्या गोष्टीतला. त्याचे शंभर कोटी हिंदीत मोजले गेले.

कोल्हापूरला तर या बाबतीत कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की प्रेक्षकांत आरडाओरडा झाला आणि त्या प्रसंगावर सरकारची कात्री चालली, असं सांगतात. पडद्यावरून माणसाला हादरवता येतं हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि तेही लेथवर काम करणाऱ्यांच्या मदतीनं.

मग माझ्या मते पैसा कुठे घालावा? नटावर आणि व्हीएफएक्सवर कमी, लिहिण्यावर आणि आवाजावर जास्त. भयपट निम्मा कानानं बघितला जातो. पण त्याहून दुर्लक्षित गोष्ट तिकिटाची आणि वेळेची आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला. ९९ रुपयांचं तिकीट लावा. मघाचाच हिशेब पुन्हा करा. कर, थिएटरचा वाटा आणि कमिशन जाऊन ४० रुपये हातात येतात. २०० च्या तिकिटात ७२ येत होते. म्हणजे जिथे ५० माणसं येत होती तिथे ९० आली की आकडा जुळला. आणि ९० माणसांत भयपट वेगळा दिसतो, ते ९० जण बाहेर जाऊन जे बोलतात ते ५० जण बोलत नाहीत. २० सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रीय चित्रपट दिनी देशभर ९९ रुपयांचं तिकीट होतं. 'तुंबाड' तेव्हा दुसऱ्या आठवड्यात होता आणि त्याला गर्दी झाली. मल्टिप्लेक्सवाला म्हणेल माझं पॉपकॉर्न विकलं पाहिजे. नव्वदजण आले तर ते जास्तच विकलं जाईल.

वेळेचं सांगतो. मराठी सिनेमाला शो मिळतो दुपारी बाराचा नाहीतर तीनचा. भयपटाला दुपारचा शो म्हणजे शिक्षाच. बाहेर ऊन, पहिली पाळी कामावर, तिसरी पाळी झोपलेली. दुसरी पाळी सुटून पोरं पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलपाशी येईपर्यंत शहरातला शेवटचा खेळ अर्धा झालेला असतो. ज्यांना भयपट सगळ्यात जास्त आवडतो, ज्यांच्या रात्रपाळीच्या गप्पांत हायवेवरची पांढऱ्या साडीतली बाई अजून जिवंत आहे, ज्यांच्यात बिहार-ओडिशाहून आलेली आणि तिकडची भुतं सोबत आणलेली पोरंही आहेत, त्यांच्या वेळेला सिनेमाच नसतो. मग ती मोबाइलवर दक्षिणेतले डब केलेले भयपट बघतात, आणि आपण म्हणतो प्रेक्षक नाही. परवानगीत बसेल तितका उशिराचा शनिवारचा एक शो, पगाराच्या सात-आठ तारखेनंतरचा शुक्रवार, आणि दिवसाला अडीचशेऐवजी सव्वाशेच पण संध्याकाळनंतरचे शो. वितरकाकडे हे मागा. तो नाही म्हणाला तर सिनेमाला हात लावू नका.

"ते सगळं ऱ्हाऊ द्या. पुढं येणाऱ्यात काय चालंल ते सांगा," असं मला परवा एका फौंड्रीवाल्या शेठनं विचारलं. अंदाजच द्यायचा तर देतो. 'स्त्री ३' मोठा चालेल. १५ ऑगस्टच्या तोंडावर तो चालला नाही तरच बातमी होईल. 'महा मुंज्या' मला अवघड वाटतो. पिंपळावरचं पोर युद्धाला काढलं की त्याची भीती जाते. 'तुंबाड २'ची घोषणा झाली तेव्हाच राही बर्वे त्यात नाही हे कळलं. पहिल्या आठवड्यात गर्दी होईल, दुसऱ्याची खात्री मी देत नाही. महेश कोठाऱ्यांनी 'झपाटलेला ३' जाहीर केलाय. लक्ष्मीकांत बेर्डे नाहीत, तरी शुक्रवार ते रविवार तात्या विंचूच्या नावावर निघतील, सोमवारची तिकिटं त्याला स्वतः कमवावी लागतील.

माझे स्वतःचे पैसे कुठे लावायचे असते तर 'अल्याड पल्याड २'च्या बाजूला लावले असते. पहिला भाग १४ जून २०२४ ला आला, 'मुंज्या' जोरात असतानाच्या दुसऱ्या शुक्रवारी, आणि तरी टिकला. तीन दिवस सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं, ही त्याची कल्पना. मालवण तालुक्यातल्या आचरा-चिंदरकडे अशी गावपळण आजही होते. रिकामं गाव दाखवायला व्हीएफएक्स लागत नाही. तिथे मी किती पैसे लावले असते असं शेठनं विचारलं, तेव्हा मी पंचवीस लाख म्हणालो. तो हसून म्हणाला, "दोन कोटींची गोष्ट चाललीया, आणि तुमी पंचवीस लाखावर आला व्हय?" मी म्हटलं, उरलेल्या पावणेदोन कोटींत तुमची दुसरी भट्टी उभी राहते, ती आधी करा.